जुन्या घराच्या भरीव विटांच्या भिंतीला कुठलं प्लास्टर करायचं? नाशिकच्या घरांसाठी पहिल्यापासून सगळं

दरवर्षी दिवाळीच्या आधी दोन-तीन ओळखीच्यांचे फोन येतात आणि प्रश्न एकच असतो. घर जुन्या नाशकातलं, भिंत दीड फुटाची, खालून तीन-चार फुटांपर्यंत रंगाचे पापुद्रे सुटलेत, सकाळी झाडलं की संध्याकाळी परत पांढरा भुगा पडलेला असतो, गवंडी म्हणतोय सगळं फोडून सिमेंटचं प्लास्टर मारून टाकू, मारू का? मी म्हणतो थांबा, आठ दिवस काहीच करू नका, आधी भिंत बघू. हे सगळं प्रत्येकाला फोनवर सांगून होत नाही म्हणून एकदा नीट लिहून काढतोय. ज्यांना प्लास्टरमधलं काहीच कळत नाही त्यांच्यासाठी आहे, त्यामुळे अगदी साध्या गोष्टीही सांगणार आहे.

मी इतका जीव तोडून का सांगतो ते आधी सांगतो. सप्टेंबर २००८ चा गोदावरीचा पूर नाशिककर विसरलेले नाहीत. माझ्या आत्याचं घर सराफ बाजाराच्या खालच्या अंगाला, कमरेएवढं पाणी आत होतं. पाणी ओसरलं, गाळ काढला आणि घाईघाईने दिवाळीच्या आत आम्ही खालच्या मजल्याला आतून-बाहेरून सिमेंटचं प्लास्टर करून घेतलं, वर वॉटरप्रूफिंगची पावडर पण टाकली मसाल्यात, कारण सगळे तेच सांगत होते. पहिलं वर्ष भिंत एकदम झकास दिसली. दुसऱ्या पावसाळ्यानंतर जी ओल पूर्वी गुडघ्यापर्यंत असायची ती छातीपर्यंत चढली. चौथ्या वर्षी देवघराजवळचा एक तुकडा, साधारण दाराच्या फळीएवढा, रात्री धाडकन खाली आला. मी तो उलटा करून बघितला तर त्याच्या पाठीला विटेची लाल साल चिकटून आली होती, अर्ध्या इंचापर्यंत, आणि त्या सालीवर रव्यासारखे पांढरे कण. मागची वीट बोटाने कोरली तरी भुगा होत होती. त्याहून वाईट म्हणजे भिंतीत गाडलेला सागवानी खांब, तो खालून दोन फूट ओलाकच्च होता आणि चमच्याने खरवडला जात होता. आत्या काही बोलली नाही, नुसती त्या खांबावर हात ठेवून उभी राहिली. तो खांब तिच्या सासऱ्यांनी बसवलेला.

सिमेंट वाईट नाही, ते त्या भिंतीचं नव्हतं. हे का ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावरच आहे.

जुनी भिंत काम कशी करते

आपल्याकडे सिमेंटचं उत्पादन नीट सुरू झालं ते १९१४ मध्ये, पोरबंदरच्या कारखान्यात. त्याच्या आधीची सगळी घरं आणि त्यानंतरही गावातली बरीच घरं, चुन्यात किंवा मातीत बांधलेली आहेत. खाली काळ्या दगडाचं जोतं, वर विटा, मध्ये लाकडी खांब आणि तुळया. या भिंतीला आत पोकळी नाही, डीपीसी नाही, म्हणजे खालून ओल वर चढू नये म्हणून घालतात तो थर नाही. पावसाळ्यात भिंत थोडी ओली होणार आणि दिवाळीनंतर वाळणार, हे धरूनच ती बांधलेली आहे. वीट भुसभुशीत, चुना त्याहून मऊ, दोन्हींना बारीक छिद्रं, त्यामुळे आतलं पाणी वाफ होऊन पृष्ठभागातून निघून जातं.

आता त्यावर सिमेंटचा कडक थर दिला की पाणी आत यायचे रस्ते तसेच राहतात, जमिनीतून, कौलातून, मोरीतून, प्लास्टरला गेलेल्या केसाएवढ्या चिरेतून, पण बाहेर जायचा रस्ता बंद होतो. मग ते वर चढत जातं जिथे सुटायला जागा मिळेल तिथपर्यंत. पाण्याबरोबर जमिनीतले आणि विटेतले क्षार येतात, पाणी उडालं की ते क्षार मागे राहून खडे बनतात, फुगतात आणि विटेची साल काढतात. आपण म्हणतो ना भिंतीला लोणा लागला, तो हाच. शिवाय सिमेंट ताठ, जुनी भिंत जरा हलणारी, आणि नाशकात जिथे खाली काळी माती आहे तिथे ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, मग भिंत हलली की ताठ प्लास्टर तडकतं आणि त्या तडीतून परत पाणी.

म्हणून नियम एकच लक्षात ठेवा, प्लास्टर हे मागच्या विटेपेक्षा मऊ आणि जास्त मोकळं पाहिजे. मार खायचा असेल तर प्लास्टरने खावा, विटेने नाही. प्लास्टर पंचवीस-तीस वर्षांनी परत करता येतं, वीट आणि खांब परत आणता येत नाहीत.

पहिलं काम: भिंत कसली आहे ते ओळखा

एका घरात तीन प्रकारच्या भिंती निघतात हे आधीच सांगतो. मूळ भिंत चुन्यातली, माडीवरची कधीकधी कच्च्या विटेची किंवा पांढऱ्या मातीची, आणि मागे १९८० नंतर वाढवलेलं संडास-बाथरूम सिमेंटमधलं. तिन्हींना एकच प्लास्टर लावायचं नसतं.

भिंतीची जाडी दारात किंवा खिडकीत मोजा. चौदा-पंधरा इंच किंवा त्याहून जास्त असेल तर जवळपास नक्की जुनी भरीव भिंत. मग कोपऱ्यात कपाटामागे वगैरे हातभर जागेतलं प्लास्टर काढा आणि विटांमधल्या सांध्यात किल्ली फिरवा. चुना असेल तर किल्लीने सहज कोरला जातो, रंग पांढुरका किंवा सुरखी, म्हणजे विटेची पूड, घातलेली असेल तर गुलाबीसर, मध्ये मध्ये न विरलेल्या चुन्याच्या पांढऱ्या गुठळ्या दिसतात. सिमेंट करडं असतं आणि किल्लीच घासली जाते. माती असेल तर पाण्याचा थेंब टाकला की चिखल होतो, आणि मातीची भिंत असेल तर हा लेख तिथेच सोडा, तिला मातीचाच गिलावा लागतो, भुसा-शेण घातलेला, वरून चुन्याचा हात.

मग सगळ्या भिंतीवर छिन्नीच्या मुठीने टकटक करत फिरा. टणक आवाज आला तर प्लास्टर धरून आहे, बद्द आवाज आला तर मागून सुटलंय. खडूने गोल करून ठेवा. अर्धा तास लागतो पण त्यावरून गवंड्याशी बोलता येतं, नाहीतर तो सांगेल तेवढं फोडायचं.

भिंतीला पोट आलं असेल, म्हणजे ओळंब्यात बाहेर फुगलेली दिसत असेल, किंवा तड आरपार असेल, तर प्लास्टरचा विषय बंद, आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. त्यात काटकसर नको.

दुसरं काम: पाणी कुठून येतंय ते शोधा

खरं तर निम्मं काम हेच आहे आणि लोक नेमकं हेच सोडून देतात. पाणी चालू ठेवून सोन्याचं प्लास्टर केलं तरी टिकणार नाही.

वरून सुरुवात करा. कौलं सरकलीत का, पन्हाळ गंजलाय का, पागोळ्यांचं पाणी थेट भिंतीच्या पायाशी पडतंय का. पावसात छत्री घेऊन बाहेर उभं राहून दहा मिनिटं बघा, उन्हात उभं राहून हे कळत नाही. मग मोरी आणि नळ. जुन्या वाड्यात मोरी भिंतीला चिकटूनच असते आणि तिचा नाला तुटलेला असतो, चाळीस वर्षं थेंब थेंब भिंतीत मुरत असतो.

मग खाली बघा. गावातल्या गल्ल्यांमध्ये रस्त्यावर रस्ता चढत गेलाय, डांबरावर काँक्रीट, काँक्रीटवर पेव्हर ब्लॉक. आमच्या गल्लीत पूर्वी ओट्याला तीन पायऱ्या होत्या, आज एक उरलीय. म्हणजे दगडाचं जोतं जमिनीखाली गेलं आणि जमीन विटेला येऊन भिडली. दगड पाणी फारसं ओढत नाही, वीट ओढते, हे जोतं त्यासाठीच होतं. जिथे आपली जागा आहे तिथे भिंतीलगत फूटभर रुंदीचा चर खणून, पाया उघडा पडणार नाही इतपतच खोल, तुकड्या-तुकड्याने, आणि त्यात मोठी खडी भरून पाण्याला वाट काढून द्या. जुन्या नाशकात टेकाडं आहेत, त्यामुळे बऱ्याच घरांची मागची भिंत वरच्या गल्लीच्या मातीला टेकलेली असते, तिथे आतून काहीही लावा ओल येणारच, तिथे बाहेरून माती हटवता येते का ते बघायचं आणि नाहीच आली तर त्या भिंतीला कपाट न लावता हवा खेळती ठेवायची.

आणि फरशी. पूर्वी शहाबादी असायची, सांधे मोकळे, जमिनीची ओल फरशीतूनच थोडी थोडी उडून जायची. आता खाली काँक्रीट ओतून वर चकचकीत टाइल्स लावतात, मग ती ओल जाणार कुठे, बाजूच्या भिंतीत चढते. टाइल्स बदला असं मी म्हणत नाही, पण नवीन लावायच्या विचारात असाल तर हे डोक्यात ठेवा.

पाणी थांबवलं की भिंतीला वाळायला वेळ द्या. ढोबळ हिशोब असा की जाडीच्या एका इंचाला साधारण महिना. दीड फुटाच्या पूर्ण भिजलेल्या भिंतीला वर्ष-दीड वर्ष. तेवढं थांबणं कुणालाच जमत नाही हे मला माहीत आहे, पण निदान एक हिवाळा-उन्हाळा तिला उघडी ठेवा. चुन्याच्या प्लास्टरचा फायदा हा की थोडी दमट भिंत असली तरी चालून जातं, कारण राहिलेली ओल त्यातून निघत राहते.

कुठलं प्लास्टर, एकेक बघू

सिमेंट-वाळू, म्हणजे १:४ किंवा १:६, जे सगळीकडे चालतं. सिमेंटमध्ये बांधलेल्या नवीन भिंतीला उत्तम, त्या वाढवलेल्या बाथरूमला बिनधास्त करा. चुन्यातल्या जुन्या भिंतीला नको.

जिप्सम आणि पीओपी. आत गुळगुळीत दिसतं, झटपट होतं, पण जिप्समला ओल सहन होत नाही, मऊ पडतं आणि फुगतं. जुन्या घराच्या तळमजल्याला अजिबात नको. एक बारीक गोष्ट, इलेक्ट्रिशियन स्विचचे बॉक्स बसवायला पीओपी भरतात, त्याला आधीच सांगून ठेवा की या भिंतीत चुन्याचाच माल भर, नाहीतर प्रत्येक बॉक्सभोवती ओलीचं वर्तुळ उमटतं.

सिमेंट-चुना-वाळू. १:२:९ असं प्रमाण, म्हणजे एक भाग सिमेंट, दोन चुना, नऊ वाळू. ही तडजोड आहे. इंग्रजांच्या काळातल्या चांगल्या भाजलेल्या कडक विटेच्या, बाहेरच्या, पावसाचा मार खाणाऱ्या भिंतीला कुणी हे केलं तर मी भांडत नाही. पण मऊ विटेला नको. आणि शुद्ध चुन्याच्या मालात "जोर यायला" चिमूटभर सिमेंट टाकायची जी पद्धत आहे ती तर मुळीच नको, त्याने ना चुन्याचा गुण राहतो ना सिमेंटची ताकद येते.

चुना-वाळू, १:३. आतल्या कोरड्या भिंतींना, माडीवरच्या खोल्यांना हे पुरेसं आहे. हळू घट्ट होतं कारण साधा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन परत चुनखडी बनतो, ते काम आठवड्यांत नाही, महिन्यांत होतं.

चुना-सुरखी-वाळू. माझं मत विचाराल तर नाशिकच्या जुन्या घराच्या तळमजल्याला आणि बाहेरच्या बाजूला हेच. सुरखी म्हणजे विटेची बारीक पूड, ती चुन्याशी पाण्यात संयोग पावते, त्यामुळे माल ओल्यातही घट्ट होतो, साध्या चुन्यापेक्षा मजबूत होतो आणि तरी विटेपेक्षा मऊ आणि मोकळा राहतो. एक भाग चुना, एक सुरखी, दोन वाळू इथून सुरुवात करा. सराफ बाजारात जाल तेव्हा पेशवाईतल्या सरकारवाड्याच्या भिंती नीट बघा, तेव्हा सिमेंट नावाची गोष्टच नव्हती.

बाजारात तयार बॅगा पण मिळतात, एनएचएल म्हणजे नॅचरल हायड्रॉलिक लाइम, त्यावर २, ३.५, ५ असे आकडे असतात. मऊ विटेला २ किंवा ३.५ घ्या, ५ फार कडक. महाग पडतं, पण गवंडी चुन्यात नवखा असेल तर चुका कमी होतात. नुसतं "लाइम प्लास्टर" लिहिलेली बॅग मात्र मागची बाजू वाचल्याशिवाय घेऊ नका, आत सिमेंट किंवा पॉलिमर असेल तर आपला सगळा उद्देशच गेला. चुन्याचे प्रकार भारतीय मानक आयएस ७१२ मध्ये दिलेत आणि चुन्याचं प्लास्टर कसं करायचं त्याचं मानक आयएस २३९४ आहे, काँट्रॅक्टरशी बोलताना हे दोन आकडे पाठ ठेवा, समोरच्याला चुन्याची माहिती आहे की नाही लगेच कळतं.

सामान घेताना

चुना दोन रूपात मिळतो. चुनकळी, म्हणजे भट्टीतून आलेले खडे, त्याला कळीचा चुनाही म्हणतात, आणि बॅगेतली पावडर. चुनकळी सगळ्यात चांगली पण ती पाण्यात टाकली की उकळते, अक्षरशः उकळते. म्हणून टाकीत आधी पाणी आणि मग त्यात थोडी थोडी कळी, कधीही उलटं नाही. डोळ्यांना गॉगल, हाताला रबरी ग्लोव्हज, पोरं लांब. डोळ्यात गेलं तर लगेच भरपूर साध्या पाण्याने धुवत राहायचं आणि तसंच डॉक्टरकडे. विरलेला चुना बारीक चाळणीतून गाळून पाण्याखाली झाकून ठेवा, निदान पंधरा दिवस, दोन-तीन महिने मुरला तर लोण्यासारखा होतो आणि थापीला मस्त चालतो. न विरलेला कण राहिला तर तो नंतर भिंतीत फुगून प्लास्टरला मसुरीच्या दाण्याएवढे खड्डे पाडतो.

हे नको असेल तर बॅगेतला विरी चुना, पण ताजा. हात लावून बघा, गुठळ्या झाल्या असतील तर तो हवेने मेलाय, प्लास्टरला चालणार नाही. त्यालाही किमान रात्रभर, जमलं तर आठवडाभर पाण्यात भिजवून लोणी करून घ्या.

वाळू. आता बहुतेक ठिकाणी आपल्या काळ्या दगडाची क्रश सँडच मिळते. ती चालते, कोनदार असल्यामुळे पकड चांगली, पण त्यात डस्ट फार असते आणि डस्ट म्हणजे भेगा. धुतलेली मागा. आणि घरी तपासा: काचेच्या बरणीत अर्ध्यापर्यंत वाळू, वर पाणी, चिमूटभर मीठ, जोरात हलवा आणि तीन तास ठेवा. वाळूवर बारीक चिखलाचा थर बसतो, तो वाळूच्या उंचीच्या आठ टक्क्यांपेक्षा जास्त असेल, म्हणजे दहा सेंटीमीटर वाळूवर आठ मिलीमीटरपेक्षा जाड, तर परत पाठवा. ट्रकवाला कुरकुर करतो, करू द्या.

सुरखी विकत घेताना विचारा कशाची. मध्यम भाजलेल्या विटेची हवी, जास्त भाजून काळी पडलेली किंवा बांधकामाच्या मलब्यातली सिमेंट लागलेली नको. बोटांत चोळली की पिठासारखी लागली पाहिजे.

किती लागेल? दहा बाय दहा फुटांची भिंत, पाऊण इंच जाडी, सांधे आणि वाया जाणारं धरून सुमारे आठ घनफूट माल. १:३ ला वाळू आठ घनफूट आणि चुन्याचं लोणी पावणेतीन घनफूट, कारण चुना वाळूच्या मधल्या फटीतच बसतो, माल फारसा वाढत नाही.

जुने लोक त्यात गुळाचं पाणी, हिरड्याचं पाणी, बेलफळाचा गर, ताग असं काय काय घालायचे. ताग कातरून घालाच, इंचभर तुकडे, भेगा कमी होतात. गूळ-हिरडा ज्याला प्रमाण माहीत आहे त्यानेच घालावा, अंदाजाने गूळ ओतला तर माल ढिला राहतो आणि मुंग्या लागतात.

फोडणं आणि लावणं

फोडायला ब्रेकर नको. छिन्नी-हातोडी, तीही आडवी धरून. बद्द वाजणारं सिमेंट सहज सुटतं. जे विटेला घट्ट धरून बसलंय आणि काढताना वीट सोबत येतेय ते सध्या राहू द्या, त्या विटा वाचवणं जास्त महत्त्वाचं. मग सांधे अर्धा-पाऊण इंच कोरून घ्या, लोणा कोरड्या ब्रशने झाडा, झाडलेला गोळा करून बाहेर टाका, पाण्याने धुतला तर तो विरघळून परत आत जातो. अ‍ॅसिड तर अजिबात नको. फुटलेल्या विटांच्या जागी जुन्याच विटा, चुन्यात बसवून. लाकडी खांब आणि वीट जिथे मिळतात तिथे गॅल्व्हनाइज्ड जाळी दोन्ही बाजूंना चार-सहा इंच जाईल अशी ठोकून घ्या, नाहीतर तिथे सरळ रेषेत तड येते. दगडी जोत्याला प्लास्टर करूच नका, चुन्याने दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, भरून उघडं ठेवा, दिसायलाही छान दिसतं.

आता गवंडी. आमच्याकडे काम केलेल्या मामांनी पहिल्या दिवशी स्पष्ट सांगितलं, "भाऊ, चुन्याचं काम मी पोरगा होतो तेव्हा वडिलांच्या हाताखाली केलंय, आता हात विसरला असेल." मी म्हटलं मामा, आधी मागच्या भिंतीवर चार बाय चार फूट करून बघू, मजुरी पूर्ण दिवसाची घ्या. त्यांनी केलं, दुसऱ्या दिवशी भेगा पडल्या कारण माल ओला झाला होता आणि भिंत पुरेशी भिजवली नव्हती. त्यांनी स्वतःच परत केलं, यावेळी माल लाकडी मोगरीने कुटून कुटून, वरून पाणी न घालता. चौथ्या दिवशी भिंतीवर नख दाबून बघितलं आणि म्हणाले, "हां, आता हात आठवला." तुम्हीही असा नमुना करूनच घ्या, आणि एकाच भिंतीवर दोन प्रमाणं शेजारी शेजारी करून बघितलीत तर आणखी चांगलं.

लावायचं असं. आदल्या संध्याकाळी भिंत भिजवायची, सकाळी परत, हाताला गार लागली पाहिजे पण पाणी चमकता कामा नये. पहिला थर चार सूत, म्हणजे अर्धा इंच, जोराने फेकून मारायचा म्हणजे सांध्यात घुसतो, मग थापीने दाबून तिरक्या आडव्या रेघा मारायच्या. खड्डा खोल असेल तर एकाच दमात भरू नका, थर देत देत भरा, मध्ये विटेचे तुकडे दाबा. पहिला थर नखाने उमटेनासा होईपर्यंत थांबा, आपल्याकडे साधारण आठ-दहा दिवस. मग दुसरा थर, तीन सूतच्या आत, रंध्याने, म्हणजे गवंड्याच्या लाकडी घोटणीने, घोटून. याला भेगा दिसल्या तर घाबरू नका, ओल्या असतानाच परत घोटून बंद करायच्या, पहिले दोन दिवस हे करत राहावं लागतं. शेवटी आतल्या खोल्यांना नीरू, म्हणजे गाळलेल्या मुरलेल्या चुन्याचा पातळ हात, लोखंडी थापीने घोटला की हात फिरवत राहावासा वाटतो. बाहेर नीरू नको, रंध्याचा खरखरीत हातच बरा.

सुरखीचा माल त्याच दिवशी संपवायचा. नुसता चुना-वाळूचा माल मात्र ओल्या गोणपाटाखाली आठवडाभर राहतो, उलट मुरतो.

पाणी मारणं आणि हंगाम

सिमेंटला पाइपने पाणी मारतात तसं इथे नको. बारीक फवारा, दिवसातून तीन-चार वेळा, सात ते दहा दिवस, आणि बाहेर ओलं गोणपाट भिंतीपासून जरा लांब लटकवायचं. द्राक्षबागेतला पाठीवरचा पंप शेजारच्या गावातून कुणाकडून आणायचा मोह होतो, आणू नका, त्यात औषधाचा अंश असतो, छोटा नवा पंप घ्या. बागेवरची शेडनेट मात्र कामाची आहे, ऊन आणि वारा दोन्ही अडवते.

बाहेरचं काम कोजागिरीनंतर सुरू करा आणि फेब्रुवारीपर्यंत उरका, म्हणजे जूनचा पाऊस येईपर्यंत चुन्याला तीन-चार महिने मिळतात. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा एक आकडी होतो, अशा थंडीच्या दिवसांत चुना फार हळू धरतो, तेव्हा दुपारी चारनंतर नवीन माल लावू नका आणि रात्री झाका. एप्रिल-मेच्या झळांमध्ये बाहेरचं काम टाळा. आतलं बारा महिने चालतं, फक्त ऐन पावसात चुना वाळतच नाही आणि सगळ्यांची चिडचिड होते.

रंग

इतकं सगळं करून वर प्लास्टिक इमल्शन किंवा वॉलपुट्टी लावली की परत तेच, भिंतीचं तोंड बंद. चुन्याची सफेदी द्या, पातळ दुधासारखी, चार-पाच हात, प्रत्येक हाताआधी भिंत ओलसर करून, एक दिवसाआड. रंग हवा असेल तर गेरू किंवा पिवळी माती घाला, जुन्या नाशकात तो पिवळा-गुलाबी रंग अजून काही वाड्यांवर आहे. कपड्यांना लागू नये म्हणून शेवटच्या हातात थोडं उकळलेलं जवसाचं तेल घालतात, बाहेरच्या भिंतीला चालतं, आत नको. स्वयंपाकघरात ओट्याच्या वर दीड-दोन फूट टाइल्स लावा, पण खालपासून छतापर्यंत नको.

पहिल्या पावसाळ्यात भिंतीवर गडद डाग दिसतील, दोन दिवस ऊन पडलं की जातील, ते बरोबर आहे, भिंत ओल सोडतेय. पहिली एक-दोन वर्षं थोडा लोणाही येईल, विशेषतः पूर आलेल्या घरांत, कोरड्या ब्रशने झाडत राहा. आत्याच्या घरी २०१९ च्या ऑगस्टमध्ये परत पाणी शिरलं, तोवर खालच्या मजल्याला चुना-सुरखी झालेली होती. गाळ धुतला, दारं-खिडक्या सताड उघड्या ठेवल्या, आणि उन्हाळ्यात खालच्या दोन फुटांतला भुसभुशीत झालेला भाग तेवढा खरवडून परत लावला, विटा होत्या तशाच होत्या. डाग संक्रांतीपर्यंतही गेला नाही तर मात्र प्लास्टरला दोष देऊ नका, त्या डागाच्या मागे किंवा वर नळ, मोरी, पन्हाळ यातलं काय आहे ते बघा.